शिवडीच्या रानातलं गाऱ्हाणं

परळहून चालायला लागलो तेव्हा ऊन कोवळं होतं आणि मी जीव मुठीत धरून होते. गिरगावातल्या आमच्या वाचनालयाने रविवारची सहल काढली होती. शिवडीच्या टेकडीवरच्या रानातून तिवरांत उतरायचं आणि समुद्राकाठाने फिरून परत यायचं. बाकीच्यांना मोकळी हवा हवी होती. मला माझ्या धाकट्या भावाला, वसंताला, मुंबईबाहेर काढायचं होतं. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्यानंतर त्याच्या नावाचं वॉरंट निघालं होतं. शिवडीच्या किनाऱ्यावरून ओळखीचा एक मचवेवाला त्याला पलीकडे उरणला, मावशीकडे, सोडणार होता. सहलीच्या घोळक्यात त्याच्याकडे कोण बघणार, असं मला वाटलं होतं.

शिवडीच्या नाक्यावर उभा असलेला हवालदार मात्र आमच्याकडे चांगला निरखून बघत होता.

वाट दाखवायला लालबागचे परबमामा आले होते. गिरणीतले कामगार, मूळचे मालवणकडचे. टेकडीच्या पायथ्याशी त्यांनी एकेकाला थांबवून विचारायला सुरुवात केली, "नाव काय तुमचा? गाव खंयचा?" उत्तर ऐकलं की ते पुटपुटत पाठ करायचे. त्या दिवसांत मी दूधवाल्यावरसुद्धा संशय घेत असे, मग हा तर चक्क नावगाव विचारणारा माणूस. वसंताने तोंड उघडायच्या आत मी सांगून टाकलं, "हा सुधाकर. गाव सातारा."

रान म्हणजे करंज, चिंचा, बोरी आणि त्यांच्यावर चढलेले वेल. पायाखाली पाचोळा. गिरण्यांच्या चिमण्या एवढ्या जवळ असून इथे पाखरांचा आवाज येतो, याचं एरवी मला कौतुक वाटलं असतं. पण माझं सगळं लक्ष परबमामांच्या पाठीकडे. माझ्या बाजूने शांताराम नावाचा वसंताच्याच वयाचा तरुण चालत होता. वरळीच्या बीडीडी चाळीतला, वाचनालयात नवीनच येऊ लागलेला. वाटेत त्याने मला दोनदा हात दिला, बोलला मात्र काहीच नाही.

वडाखाली शेंदूर फासलेला एक दगड होता. राखणदार (जागेचं रक्षण करणारा देव), असं परबमामांनी सांगितलं. त्यांनी नारळ ठेवला, हात जोडले आणि गाऱ्हाणं (सर्वांच्या वतीने देवाला मोठ्याने केलेली विनवणी) घालायला लागले. एकेकाचं नाव, एकेकाचं गाव घेऊन ते म्हणत होते, ही लेकरं तुझ्या रानात आलीयत, त्यांना सांभाळून ने. प्रत्येक नावानंतर सगळ्यांनी म्हणायचं, "व्हय म्हाराजा." त्यासाठी नावं हवी होती तर! मला हसूही आलं आणि लाजही वाटली.

"साताऱ्याचो सुधाकर," मामा म्हणाले, आणि वसंता पुढे झाला.

"मामा, मला पोहता येत नाही," तो म्हणाला. "आज समुद्र मला ओलांडायचाय, सुधाकरला नाही. माझं नाव वसंत. गाव वाई."

मामांनी हात जोडलेलेच ठेवले. "वाईचो वसंत, म्हाराजा. तेका पाण्यातून सुखरूप ने. आनि ह्या नाव ऐकान जो कोण भायर तोंड उघडीत, तेका तू बघून घे."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले. शांतारामचे ओठ हलले नाहीत. मी बघतच होते.

तिवरांच्या कडेला आम्ही भाकरी आणि सुकटीची चटणी खाल्ली. मचवा चिखलापलीकडे उभा होता आणि वसंता चप्पल हातात घेऊन तिकडे निघाला होता. एवढ्यात शांताराम उठला. मला लवकर घरी पोचायचंय, मी पुढे होतो, म्हणाला. हा थेट नाक्यावरच्या हवालदाराला जाऊन सांगणार, असंच मी धरून चालले. मी काय करणार? चिखलात बसकण मारली आणि पाय मुरगळला म्हणून कण्हायला लागले. "शांताराम, तुम्हीच धरा मला. दुसऱ्या कुणाला नाही झेपायचं."

तो निमूटपणे परत आला. त्याच्या खांद्यावर सगळा भार टाकून मी काठाकाठाने लंगडत राहिले, मचवा दिसेनासा होईपर्यंत. डोळे भरून आले ते त्याला पाय दुखतोय म्हणून वाटले असतील.

नाक्यावर हवालदाराने आम्हाला अडवलं.

"बाई, सकाळी तुमच्याबरोबर भाऊ होता ना? पांढऱ्या सदऱ्यातला. कुठाय तो?"

मी आधारासाठी वळून बघितलं. परबमामा मागे राहिले होते.

"मीच की," शांताराम म्हणाला. त्याचाही सदरा पांढराच होता, गुडघ्यापर्यंत चिखल. "ताईचा पाय मुरगळलाय. जाऊ द्या लवकर."

हवालदाराने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि सोडलं.

बरंच पुढे गेल्यावर मी विचारलं, की मग मघाशी वडाखाली तुम्ही हो का म्हणाला नाहीत?

"आम्ही धम्मदीक्षा घेतलीय, ताई. देवापुढे हात जोडायचे नाहीत, हो म्हणायचं नाही," तो म्हणाला. "तुमच्या भावाचं नाव बाहेर सांगायचं नाही, हे मला देवाने कशाला सांगायला हवं?"

पाय धड आहे हे सांगायचा धीर मला झाला नाही. घरी लवकर जायचं सोडून तो मला थेट गिरगावातल्या आमच्या जिन्यापर्यंत घेऊन आला आणि चहाही न घेता वळला. दिवसभरात मी संशय घेतला तो नेमका वाट दाखवणाऱ्यावर आणि हात देणाऱ्यावर.

आई दारातच होती. वसंता मचव्यात बसला हे ऐकून तिने डोळ्यांना पदर लावला. मग माझ्या चिखलाने भरलेल्या पातळाकडे बघून तिने विचारलं, एवढ्या लांबून एकटीच आलीस?

"नाही," मी म्हटलं. "भाऊ आला होता पोचवायला."