दोन नावांची आई

धाकटी बहीण आपल्या चार वर्षांच्या मुलीला घेऊन केनियातल्या मोंबासाहून डोंबिवलीला परतली, तेव्हा तिचा नवरा नुकताच गेला होता. तो मराठीच, पण आजोबांपासून तिकडे स्थायिक झालेला आणि तिकडचाच नागरिक. मुलगीही तिकडे जन्मलेली. त्या वेळच्या कायद्याप्रमाणे परदेशात जन्मलेल्या मुलाला भारताचे नागरिकत्व जन्मतः मिळे ते बापाकडून. आई भारतीय असणे पुरेसे नव्हते. आमच्या घरी आजीच्या मांडीवर बसून वरणभात खाणारी ही पोर सरकारदरबारी परदेशी होती. व्हिसा वाढेल तोवरच तिला आईजवळ राहता येणार होते, आणि दर वेळी ‘पुढच्या खेपेस वाढेलच असं नाही’ हे बजावले जाई. उपाय एकच होता : आईने मुलीच्या वतीने नागरिकत्वासाठी अर्ज करायचा.

त्यासाठी आम्ही दोघे ठाण्याच्या एका कार्यालयात गेलो. टेबलामागच्या गृहस्थांनी अर्ज बहिणीच्या हातून घेतला आणि प्रश्न मला विचारला.

“तुम्ही मुलीचे कोण?”

“मामा.”

“मामानं भाचीला सुट्टीत घरी न्यावं, आंबे खाऊ घालावेत. नागरिक कसली करताय?” शेजारच्या टेबलावर हशा पिकला. “वडिलांकडचं कोणी नाही का?”

“अर्ज माझा आहे,” बहीण म्हणाली. “मी तिची आई.”

“ते खरं हो ताई. पण आई नक्की कोण, तेच कागदांवरून कळत नाही.”

झाले होते असे, की बहिणीचा पासपोर्ट लग्नाआधी घाईने काढलेला, माहेरच्या नावाचा. मुलीच्या जन्माच्या दाखल्यावर मात्र सासरचे नाव. आणि सासरचे म्हणजे नुसते आडनाव नव्हे. आमच्याकडे लग्नात ताटात तांदूळ पसरतात आणि नवरा अंगठीने त्यांत बायकोचे नवे नाव लिहितो. मग पेढे वाटतात. त्या ताटाभोवती कौतुकाने वाकलेल्यांत मीही होतो. बारशाला ठेवलेले नाव त्या तांदळांखाली गेले, याची खंत तेव्हा मला शिवली नव्हती.

“पासपोर्टवरची बाई भारतीय आहे, पण तिला मूल नाही,” गृहस्थ शांतपणे म्हणाले. “दाखल्यावरच्या बाईला मूल आहे, पण ती भारतीय कशावरून?”

“अहो, ती एकच बाई आहे. तुमच्यासमोर उभी आहे,” मी म्हणालो.

“समोर उभं राहून भागत नाही, साहेब.”

बहिणीने विचारले, “तुमच्या लग्नात बायकोचं नाव बदललंत?”

“बदललं की. रीतच आहे.”

“मग तुमच्या मुलांची आई कोण, हे कधी कोणी विचारलं नाही?”

“कशाला विचारतील? मी आहे ना बाप.”

मी चढ्या आवाजाचा माणूस नाही. त्या दिवशीही आवाज चढला नाही. पण त्या वाक्याने मनात पेटलेला संताप आजतागायत विझलेला नाही. ते वाक्य उद्धटपणे उच्चारलेले नव्हते, हेच भयंकर होते. ज्या स्त्रीने नऊ महिने पोटात वाढवून मूल जन्माला घातले, तिला आईपण सिद्ध करायला सांगायचे, आणि जो बाप या जगात नाही, त्याची जागा रिकामी म्हणून हळहळायचे! आधी समाजाने बाईचे नाव पुसावे, आणि मग सरकारने तिलाच विचारावे, की तू कोण?

तोड निघाली ती राजपत्राची. सरकारच्या त्या गॅझेटात तिने नाव बदलल्याची जाहिरात द्यायची, म्हणजे दोन्ही बायका एक ठरतील. मजकूर ठरावीक होता : अमुक नाव टाकून अमुक नाव धारण केले आहे. घरी आल्यावर मी तो वाचून दाखवला. आमची आई म्हणाली, “त्यात काय एवढं? लग्नात बदललंच होतं की.”

बहिणीने कागद माझ्या हातून घेतला. “दादा, यात ‘टाकून’ लिहिलंय. मी कधी टाकलं? तुम्ही सगळ्यांनी मिळून काढून घेतलंत.”

आतल्या खोलीत मुलगी झोपली होती. तिच्या व्हिसाची मुदत संपत आली होती. बहिणीने तो शब्द पुन्हा एकदा वाचला आणि खाली सही केली.