खाडीत हळद

कुणी चित्र दाखवलं की आमचे चित्रकलेचे सर आधी दोन पावलं मागे जायचे, एक डोळा मिटायचे आणि म्हणायचे, "चित्र नाकाला लावून बघायचं नसतं." फोनवर दाखवलं तरी तेच. एवढ्याशा पडद्यावर त्यांना तिथून काय दिसायचं, ते देवच जाणे. मी शाळेचा क्लार्क, त्यांचा 'भाऊसाहेब'. माझ्या ऑफिसातल्या कपाटावर त्यांची पाठ किती वेळा आपटली, त्याला गणती नाही. तुमच्याही शाळेत असा एखादा वल्ली असेलच.

शाळा बंद होती त्या वर्षी मुलं घरी चित्रं काढून वर्गाच्या ग्रुपवर फोटो टाकायची. सर फोन तांब्याला टेकवून ठेवायचे, मागे जाऊन बघायचे, पुढे येऊन शेरा लिहायचे, की पुन्हा मागे. चांगला व्यायाम व्हायचा. कुरकुर मात्र एकच. "भाऊसाहेब, यंदा सगळ्या वर्गाला कावीळ झालीय. जो तो पिवळा फासतोय."

दिघीच्या रेश्मानं आपली खाडी काढली. तिच्यासारखा हात त्या वर्गात कुणाचा नव्हता. सरांनी शेरा दिला, 'खाडीत हळद कालवलीस? निरीक्षण शून्य.'

काही दिवसांनी तिची आई मला जेटीवर भेटली. "पोरीनं रंगाची पेटी माळ्यावर टाकली, भाऊसाहेब. म्हनते, मला बरोबर दिसतच न्हाय."

मी ते चित्र माझ्या फोनवर उघडलं. खाडी राखाडी-हिरवी, ओहोटीला असते तश्शी. तसाच सरांच्या घरी गेलो आणि दोन्ही फोन शेजारी ठेवले. सरांच्या फोनमध्ये खाडी म्हणजे नुसतं वरण! त्यांच्या जावयांनी, सासऱ्यांच्या डोळ्यांना त्रास नको म्हणून, पडदा पिवळसर करणारं बटण चालू करून दिलं होतं.

"सर, कावीळ वर्गाला नाही, तुमच्या फोनला झालीय." मला हसू आवरेना.

सर हसले नाहीत. "मी त्या पोरीला शून्य म्हणालो," एवढंच बोलले. मला माझ्या हसण्याची लाज वाटली.

दुसऱ्या दिवसापासून एकतीस मुलांची एकतीस चित्रं कागदावर बघायला सर घरोघर निघाले. मला बरोबर घेतलं. पहिलं घर रेश्माचं. तिनं मान खाली घालून कागद भिंतीशी धरला. सर दोन पावलं मागे गेले, ते थेट अंगणात वाळत घातलेल्या जवळ्यात. पाय सरकला आणि त्या सुकटीतच त्यांनी बसकण मारली.

"अगो बाय!" म्हणत आई धावली. सर उठायचं सोडून चित्राकडेच बघत राहिले. मग म्हणाले, "निरीक्षण शून्य. माझं."

रेश्मा इतकी हसली की कागद हातातून पडला. सरांनी तो उचलून मागे लिहिलं, 'खाडी खरी. चूक माझी.' खाली सही केली. त्या कागदाला अजून जवळ्याचा वास येतो, असं ती सांगते.

निवृत्त झाल्यावर सर मुलीकडे नागपूरला गेले. गेल्या वर्षी रेश्मानं शाळेच्या भिंतीवर भलीमोठी खाडी रंगवली. मी सरांना व्हिडिओ कॉल लावला. त्यांनी सवयीनं फोन कशाला तरी टेकवला आणि मागे गेले, ते इतके की मला त्यांच्यापेक्षा त्यांचा पंखाच जास्त दिसत होता.

"सर, कशी झालीय?" रेश्मानं विचारलं.

"फोनवर शेरा देणार नाही. गणपती झाले की येतो बघायला."

भिंतीसमोर दोन पावलांवर एक दगड होता. सर येणार म्हणून रेश्मानं तो स्वतः ढकलत कुंपणापाशी नेला.

गणपतीच्या आधीच त्यांच्या मुलीचा फोन आला. सर गेले होते. मला त्यांची फार आठवण येते. भिंतीसमोरची ती जागा अजून मोकळी आहे. कुणी तिथे मोटारसायकल लावायला लागलं की ऑफिसच्या खिडकीतून माझ्या तोंडून निघून जातं, "तिथे नको रे, सर पडतील!"