यादीभाऊंनी केलेली कवळी

यादीभाऊंचं खरं नाव ओळखपत्राशिवाय आता कुठे उरलं नव्हतं. हे नाव गल्लीने पाडलं आणि त्यांनी ते बिनतक्रार लावून घेतलं, कारण चूक गल्लीची नव्हती. ज्या धंद्यांत माणसं कमी पडतात त्यांची यादी सरकार दरवर्षी काढायचं आणि त्यातलं काही शिकणाऱ्याची फी स्वतः भरायचं. ही सवलत एका माणसाला दहा वर्षांतून एकदा. यादीभाऊंनी एकही खेप चुकवली नव्हती.

विशीत ते टाइपरायटर दुरुस्ती शिकले. प्रमाणपत्रावरची शाई वाळते न वाळते तोच कचेऱ्यांत कॉम्प्युटर येऊन बसले. एकतिसाव्या वर्षी जाडजूड टीव्ही उघडायला शिकले, तर लोकांनी भिंतीवर चपटे टीव्ही टांगले. एक्केचाळिसाव्या वर्षी कागदावर फोटो छापायचं यंत्र चालवायला शिकले, आणि लोक फोटो फोनमध्येच ठेवायला लागले. पोट भरलं ते हार्डवेअरच्या दुकानात स्क्रू आणि बिजागऱ्या विकून. त्यासाठी कुठल्याच सरकारने कधी फी भरली नाही.

"मी शिकायला गेलो की धंद्याला घरघर लागते," असं ते स्वतःच गिऱ्हाइकांना सांगायचे. शेजारचे मास्तर तर दर यादीला येऊन विचारायचे, "यंदा काय घेताय? तेवढं सोडून पोरीला दुसरं काहीही घ्यायला सांगतो."

एक्कावन्नाव्या वर्षी चौथी यादी हातात आली. यादीत ड्रायव्हिंग शिकवणंही होतं. यादीभाऊंचं बोट तिथे थांबलं मात्र, बायको पलीकडून ओरडली, "अहो, खबरदार! घरातला एकच धंदा चालतोय." ती वीस वर्षं ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवत होती आणि तिच्या गाडीत तिच्या पायाशी वेगळा ब्रेक होता. घरातही तिच्या पायाशी तो आहेच, असं यादीभाऊंना अनेकदा वाटे. बोट मुकाट्याने खाली सरकलं आणि कवळ्या बनवण्याच्या कोर्सवर जाऊन टेकलं.

पहिल्या दिवशी वर्गात प्रत्येकाने आपली ओळख सांगायची होती. यादीभाऊंनी चारही याद्यांची हकीकत सांगितली. पोरं खो खो हसली. पुढच्या बाकावरची एक मुलगी मात्र हसली नाही. तिने वही मिटली आणि बाईंना विचारलं, "मॅडम, प्रवेश बदलता येतो का?"

बाई त्यांच्या निम्म्या वयाच्या होत्या. प्लास्टर कालवायचं, मेणात एकेक दात उभा करायचा, मग मेणाच्या जागी गुलाबी प्लास्टिक शिजवायचं, असं सगळं त्या शिकवायच्या. स्क्रू मोजून मोजून राठ झालेल्या बोटांत यादीभाऊंचा मेणाचा दात ठरत नसे. पहिल्या महिन्यात त्यांनी वरचे दात खाली आणि खालचे वर लावले. बाईंनी साचा उलटा धरून विचारलं, "काका, हा माणूस डोक्यावर उभा राहून जेवणार आहे का?"

परीक्षेसाठी खऱ्या माणसाची कवळी करायची होती. यादीभाऊंनी वडिलांना नेलं. म्हाताऱ्याने उभा जन्म टेलिफोन एक्स्चेंजमध्ये आकडे सांगण्यात घालवला होता, आणि उच्चाराच्या बाबतीत ते कुणाची गय करत नसत. कॉलेजच्या दवाखान्यात डॉक्टरांनी माप घेतलं. महिन्याने कवळी तोंडात बसली. बाबांनी आरशात पाहिलं, समाधानाने मान हलवली आणि म्हणाले, "सात सहा सहा सात." प्रत्येक 'स'बरोबर बारीक शिट्टी वाजली. बाहेरच्या बाकावरच्या माणसाने वळून पाहिलं.

बाबांनी कवळी काढली, रुमालात गुंडाळली आणि पोराच्या हातात ठेवली. "घे. रहदारीच्या पोलिसाला दे."

घरी बायको हसून हसून खाली बसली. यादीभाऊही हसले, पण जेवण गेलं नाही. तीन धंदे बुडाले त्याचं एवढं काही नव्हतं. ते जगाने बुडवले होते. ही शिट्टी मात्र त्यांची स्वतःची होती.

"सोडून देतो," ते म्हणाले.

"द्या," बायको म्हणाली. "पण आधी बाबांचे दात करून द्या. महिनाभर पातळ खाऊन खाऊन माणूस चिडचिडा झालाय, आणि घरात मी असते त्यांच्यासोबत."

दुसऱ्या दिवसापासून यादीभाऊ बाबांना घेऊन दुपारी रिकाम्या वर्गात बसू लागले. वरच्या पुढच्या दातांमागे, टाळूच्या बाजूला जरासं मेण चढवायचं आणि बाबांना आकडे म्हणायला लावायचे. मेण जास्त झालं की 'स'चा 'श' व्हायचा आणि बाबा शिव्या द्यायचे. त्यातही 'श'च यायचा. कमी झालं की पुन्हा शिट्टी. बाई दारातून ऐकत उभ्या राहायच्या. नवव्या खेपेला बाबा सबंध नंबर म्हणाले, थांबले आणि परत म्हणाले. मग कुणी विचारलेलं नसताना त्यांनी आणखी चार नंबर म्हणून दाखवले, तीस वर्षांपूर्वीच्या आवाजात. यादीभाऊ चष्मा पुसत बसले. चष्म्याला काही झालेलं नव्हतं.

ते पास झाले, गुणांनी शेवटून तिसरे. पण बाईंनीच कवळ्या बनवणाऱ्या आपल्या ओळखीच्या एका प्रयोगशाळेत चिठ्ठी दिली: "हात साधारण. कान उत्तम." एक्कावन्नाव्या वर्षी यादीभाऊंना शिकलेल्या धंद्यात पहिली नोकरी लागली. मास्तरांनी अभिनंदन केलं आणि लगेच विचारलं, "मग आता किती महिने?"

अकरा. पुढच्या यादीत कवळ्यांचा कोर्स नव्हता, आणि प्रयोगशाळेत मापावरून दात कापणारं यंत्र आलं. यादीभाऊंना खरंतर आश्चर्य वाटायला हवं होतं. त्यांनी जुन्या ओळखीच्या माणसासारखं त्या यंत्राकडे पाहिलं आणि डबा उचलून निघाले.

"कुठे?" मालकाने हाक मारली. "यंत्र दात कापतं, पण शिट्टी ऐकू येते का त्याला? ते तुम्हीच बघायचं. फक्त रोज काम नाही पुरणार."

मग आठवड्यातले चार दिवस प्रयोगशाळा आणि दोन दिवस हार्डवेअरचं दुकान, असं ठरलं. यंत्र विकणाऱ्या कंपनीतून एक तरुणी शिकवायला आली. तिने पडद्यावर जबडा गरगर फिरवून दाखवला आणि विचारलं, "काका, याआधी मशीनवर काम केलंय?"

"केलंय की," यादीभाऊ खुर्ची पुढे ओढत म्हणाले. "तीनांवर. तिन्ही गेली बिचारी."

तरुणीने हात चटकन यंत्रावरून काढून घेतला.