चावडीच्या भिंतीवरचं पाणी

विहिरीत गाळ कसा साचतो हे आम्हाला ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं. किस्से कसे साचतात हे मात्र कुणी शिकवलं नाही. आम्ही महिन्याला एक आकडा मोजायचो, तो फाईलीत जायचा, आणि त्या आकड्याच्या आजूबाजूला जे काही घडलं ते सगळं आमच्याजवळच राहायचं. फाईली कधीच वरच्या ऑफिसात गेल्या. उरलेलं सांगायला आज तुम्ही सापडलात.

बहात्तरचा दुष्काळ नुकताच मागे पडला होता. सोलापुरात एका भाड्याच्या बंगल्यात आमचं सरकारी ऑफिस होतं आणि काम एकच, जिल्ह्यातल्या विहिरींचं पाणी मोजायचं. आमचे बिराजदार साहेब अक्कलकोटच्या बाजूचे, घरी कानडी बोलणारे, जमिनीखालच्या पाण्याचं शास्त्र शिकून आलेले. हा माणूस खुर्चीत पाच मिनिटं टिकत नसे. ड्रायव्हर महिबूबभाई, आणि मी टेप धरणारा असिस्टंट. जीप एकच, तीही धक्का दिल्याशिवाय सुरू न होणारी. साहेबांची अस्वस्थता हळूहळू मलाही लागली, आणि खरं सांगतो, ती अजून गेलेली नाही.

* * *

वैरागच्या अलीकडे एक गाव होतं. नाव सांगत नाही, तिथली माणसं अजून बाजारात भेटतात. दर महिन्याला आम्ही तिथल्या पिण्याच्या विहिरीत टेप सोडायचो. टेपच्या खालच्या टोकाला खडू घासायचा, टेप आत सोडायचा, वर ओढायचा, खडू कुठपर्यंत भिजलाय ते बघायचं आणि वहीत लिहायचं. पाच मिनिटांचं काम.

सोनाक्का नावाची म्हातारी रोज त्या विहिरीवर पाणी शेंदायला असायची. सहा महिने तिनं आमचा हा उद्योग मुकाट्यानं बघितला. सातव्या महिन्यात, कुणी काही विचारलेलं नसताना म्हणाली, "दर म्हयन्याला येता. वाकून बगता. लिवता आन जाता. पानी खाली गेलं हे मला माझ्या दोरावरनं बी कळतंय. तुमी येऊन करता काय?"

साहेब म्हणाले, "आक्का, आम्ही पाण्याचा अभ्यास करतो."

"करा की. पर काय कळलं ते आमाला कवा सांगनार?"

साहेबांनी टेप गुंडाळला आणि जीपमध्ये जाऊन बसले. सोलापूर येईपर्यंत ते नखं कुरतडत होते.

* * *

सोनाक्काला द्यायला उत्तर नव्हतं असं नाही. उत्तर होतं, पण ते इंग्रजीत होतं आणि उशिरा यायचं.

आमचे आकडे वर जायचे आणि तिथून सायक्लोस्टाईल केलेला रिपोर्ट खाली यायचा. त्या वर्षीचा आला तेव्हा श्रावण चालू होता, ऑफिसच्या दारात घोट्याएवढं पाणी साचलं होतं. रिपोर्टात लिहिलं होतं की सदर गावातली पिण्याची विहीर एप्रिलमध्ये कोरडी पडण्याचा संभव आहे. एप्रिल होऊन गेला होता. विहीर कोरडी पडून पुन्हा भरली होती. मधले दोन महिने सोनाक्कानं शेजारच्या गावाहून डोक्यावर हंडे आणले होते.

साहेबांनी तो रिपोर्ट माझ्या टेबलावर आपटला. त्याच आठवड्यात आम्ही त्या गावच्या चावडीच्या भिंतीवर काळा रंग देऊन फळा केला. पाणी किती खाली आहे, गेल्या वर्षी याच महिन्यात किती खाली होतं, आणि असंच उपसत राहिलो तर कुठल्या महिन्यापर्यंत पुरेल. तीन ओळी, मराठीत. शाळेच्या गुरुजींना एक टेप देऊन ठेवला, ते दर सोमवारी मोजून लिहायचे. साहेबांचा हुकूम होता, आकडा आधी गावाला, मग फाईलीला.

वरून लगेच पत्र आलं. ऑफिसची गोपनीय माहिती सार्वजनिक भिंतीवर कोणत्या अधिकारात लिहिली?

साहेबांनी एका ओळीत उत्तर पाठवलं, "सदर विहिरीला झाकण नाही."

ती एक ओळ टाईप करायला मला अर्धा तास लागला, कारण साहेबांची बदली झाली असती तर माझीही झाली असती.

* * *

नुसता आकडा लिहून साहेबांना चैन पडेना. गावात आप्पा नावाचे मोठे बागायतदार होते. त्यांची विहीर पिण्याच्या विहिरीच्या वरच्या अंगाला, तिच्यावर डिझेल इंजिन आणि त्या पाण्यावर दोन एकर ऊस. आप्पांचं इंजिन चाललं की गावाची विहीर उतरायची, हे आमच्या वहीत स्वच्छ दिसत होतं. पण वही दाखवून गावाला काय पटणार?

मग साहेबांनी एक काचेची पेटी बनवून घेतली. खाली मुरूम, वर वाळू, त्यात पाणी ओतलं आणि दोन बाजूंना दोन नळ्या उभ्या रोवल्या. चावडीपुढे गाव जमला. आप्पा अगदी पुढे, घोंगडीवर. साहेबांनी एका नळीला मला लावलं, दुसरीला महिबूबभाईला, आणि म्हणाले, "ओढा."

महिबूबभाई तरुणपणी तालमीत घुमलेला माणूस. मी चार घोट ओढले तोवर त्यानं पेटीतलं पाणी तळाला नेलं आणि माझ्या नळीतून नुसता हवेचा आवाज यायला लागला. गाव पोट धरून हसला.

साहेब म्हणाले, "विहिरी दोन दिसतात, पण खाली पाणी एकच आहे. कळलं?"

"कळलं की," आप्पा म्हणाले. "लई झ्याक कळलं."

पुढच्या महिन्यात गेलो तर आप्पांनी साहेबांचा हात धरूनच त्यांना विहिरीवर नेलं. पाच हॉर्सपॉवरचं जुनं इंजिन काढून आठचं नवं कोरं बसवलं होतं.

"तुमीच दावलं न्हवं का साहेब," आप्पा कौतुकानं म्हणाले, "ज्याचा दम मोठा त्याचं पानी!"

परतताना मला वाईटही वाटत होतं आणि हसूही आवरत नव्हतं. साहेब मात्र वाटेत दोनदा जीप थांबवून उगाचच रस्त्याच्या कडेनं चालून आले.

* * *

त्या पेटीचा खरा अर्थ कळला होता तो सोनाक्काला. तिनं गावातल्या बाया गोळा केल्या आणि चावडीवर बसवल्या. पंच मंडळी हो म्हणेपर्यंत एकही बाई उठली नाही. ठरलं ते असं. आप्पांच्या विहिरीच्या आतल्या भिंतीवर तांबड्या रंगाची रेघ मारायची. पाणी रेघेला टेकलं की इंजिन बंद, मग पाऊस येईपर्यंत पाणी फक्त पिण्याला. एवढ्या बायांपुढे आप्पांनाही नाही म्हणता आलं नाही. साहेबांना दुसरं काही नको होतं. पाऊस येईपर्यंत सोनाक्काला गावातच पाणी मिळावं, एवढ्यासाठी त्यांचा जीव टांगणीला लागला होता.

संक्रांतीनंतर गेलो. इंजिन धडधडत होतं आणि पाणी रेघेच्या चांगलं वर. साहेब हरखले. पाझर वाढलेला दिसतो म्हणाले, वही उघडून मला खडकांची माहिती सांगायला लागले. तेवढ्यात मी टेप सोडला. टेपप्रमाणे पाणी मागच्या महिन्यापेक्षा खाली होतं. साहेबांनी स्वतः टेप सोडला. मग खडू बदलून तिसऱ्यांदा सोडला.

महिबूबभाईनं विडी विझवली, कठड्यावरून वाकून बघितलं आणि म्हणाला, "साब, पानी ऊपर नै आया. लकीर नीचे गई."

आप्पा जराही ओशाळले नाहीत. "रेघ तुमचीच हाय, रंग बी तुमचाच. रातभर उपसून पानी उतरलं तवा आमी निस्ती जागा बदलली."

साहेबांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, गावातल्या गवंड्याकडून छिन्नी-हातोडा मागून घेतला आणि विहिरीत उतरले. रेघ मुळात होती त्या जागी त्यांनी ती दगडात कोरली. वर आले तेव्हा तळहात सोलले होते. पाणी कोरलेल्या रेघेच्या खालीच होतं, त्यामुळे आप्पांना त्याच दिवशी इंजिन बंद करावं लागलं. ऊस शेतात उभा होता.

* * *

चावडीवरचा फळा फक्त गावच वाचत होता असं आम्हाला वाटायचं. चावडीपुढेच एस.टी. थांबायची, हे आमच्या डोक्यातच आलं नव्हतं. गुरांचे व्यापारी वाचायचे, पाहुणेरावळे वाचायचे, आणि मुलीचे बाप तर दोनदा वाचायचे. लेक द्यायची म्हणजे तिच्या डोक्यावर किती लांबून हंडा येणार, हे बघायला नको?

आप्पांच्या मुलाला, दत्ताला, बघायला बार्शीकडची माणसं यायची होती. एस.टी.तून उतरली, फळ्यापुढे उभी राहिली, आपसांत काहीतरी बोलली आणि त्याच गाडीत परत चढली. आप्पांच्या घरी चुलीवर चहाचं आधण तसंच उकळत राहिलं.

दुसऱ्या दिवशी आप्पा सोलापुरात, साहेबांच्या टेबलासमोर. "तुमचा आकडा माझ्या पोराच्या लग्नाच्या आड येतोय साहेब. तेवढा पुसा."

"आकडा खोटा आहे का?"

"खरा हाय म्हून तर पुसा म्हनतोय. खोटा आसता तर ऱ्हाऊ दिला आसता."

साहेब उठून खिडकीपाशी गेले, परत आले, पुन्हा गेले. पुसणार नाही म्हणाले. आप्पा चहा न घेता उठले. दाराशी थांबून म्हणाले, "पोरगं रोज माझ्याकडं बगतंय, साहेब. बोलत न्हाय कायबी." त्यांच्या उसाबद्दल मला कधी काही वाटलं नव्हतं, पण हे वाक्य मनाला लागून राहिलं.

* * *

होळीच्या सुमारास आप्पा पुन्हा आले. या वेळी आवाज खाली होता. अकलूजकडचं स्थळ आलं होतं, चार दिवसांनी माणसं बघायला येणार होती.

"तिकडं कॅनॉलचं पानी. बंद इंजन बगितलं तर पावनं टेकायचं बी न्हाईत. एक तास चालू द्या. फकस्त एक तास."

साहेब येरझारा घालायला लागले. त्यांनी हो म्हणावं असं मला मनापासून वाटत होतं, आणि तसं वाटतंय याची लाजही वाटत होती. शेवटी म्हणाले, "मी कोण देणार? पाणी सोनाक्काचं. तिला विचारा."

आप्पा जन्मात पहिल्यांदा सोनाक्काच्या दारात गेले. ती म्हणाली, "चालू कर की तासभर. पर उसाला थेंब जायचा न्हाय. पाटाला आमी हांडे लावनार."

"पावन्यांफुडं?"

"मग पावनं गेल्यावर लाव इंजन."

आप्पा हो म्हणून उठले.

त्या दिवशी आमचं तिथं काहीच काम नव्हतं, पण साहेबांना ऑफिसात बसवेना. आम्ही गेलो. आप्पांनी चावडीच्या फळ्यावर बैलाची झूल टांगली होती. मुलीचे वडील उंच, फेटेवाले, बोलायला कमी. चावडीत चहा घेता घेता त्यांनी विचारलं, "झूल भितीला का ओ?"

"वाळत घातलीया," आप्पा म्हणाले.

पाहुण्यांनी मान हलवली आणि बशी खाली ठेवली.

मळ्यात पोचलो तर इंजिन धडाडत होतं, पाण्याची जाड धार पाटात पडत होती, आणि पाटाच्या दोन्ही अंगांना गावातल्या झाडून साऱ्या बाया. हंडे, घागरी, कळशा, कुणाकडे दुधाची किटली. एक भरून उठली की दुसरी बसत होती. थेंब पुढे सरकत नव्हता. पलीकडे ऊस पिवळा पडून उभा. दत्ता बांधावर खाली मान घालून. आप्पांचा घाम सदऱ्यातून दिसत होता. साहेब बाभळीखाली घड्याळ धरून उभे होते, आणि मी दर मिनिटाला त्या घड्याळात डोकावत होतो.

पाहुणे बराच वेळ बघत राहिले. मग सोनाक्काजवळ जाऊन म्हणाले, "आजी, गावाला ह्या मळ्यातनं रोज पानी मिळतं व्हय?"

बाया थांबल्या. इंजिन तेवढं वाजत होतं.

सोनाक्कानं हंडा तिरपा केला, भरून घेतला आणि मान वर न करता म्हणाली, "आज मिळालंय बगा."

पाहुण्यांनी उसाकडे बघितलं, दत्ताकडे बघितलं, आणि आप्पांकडे वळून म्हणाले, "आमची पोरगी दिली."

 आप्पांनी डोळ्याला उपरण्याचं टोक लावलं. कुणीतरी साखर आणायला घराकडे पळालं.

मग पाहुणे आप्पांच्या जवळ सरकले आणि आवाज खाली करून म्हणाले, "आता इंजन बंद करा, पावनं. आमचं बगून झालंय."

साहेबांच्या घड्याळात तास पुरा व्हायला अजून वीस मिनिटं होती. आप्पा धोतर सावरत, स्वतःच, उसातून इंजिनाकडे धावत निघाले.