भोंग्यानंतरचं काम

पगारकाकूंना त्या कारखान्यात नावानं कुणीच हाक मारत नसे. इस्पितळांच्या चादरी, अभ्रे, डॉक्टरांचे डगले धुऊन आणि इस्त्री करून परत पाठवणारा तो धुलाईचा कारखाना. फाटकाला लागून एक अरुंद खोली होती आणि त्या खोलीला एक खिडकी. पगारात काही कमी-जास्त झालं की माणसं ओल्या हातांनीच खिडकीशी येत. काकू चष्मा कपाळावर सरकवून म्हणत, "आधी बसा, मग भांडा." बसायला तिथं काहीच नव्हतं. पण तेवढ्यानं समोरच्याचा निम्मा राग उतरायचा.

ही नोकरी त्यांना दिरामुळे मिळाली होती. नवरा गेला तेव्हा काकूंना मूलबाळ नव्हतं, हाताशी काम नव्हतं. आता हिचं पुढं काय, हा प्रश्न नातेवाइकांनी बराच चघळला. घरात मात्र तो कुणी काढलाच नाही. दीर एवढंच म्हणाला होता की वहिनी कुठं जाणार, इथंच राहणार. तो त्याच कारखान्यात इस्त्रीच्या मोठ्या रोलरवर होता. त्यानं मॅनेजरकडे शब्द टाकला, आणि काकू पगाराच्या खोलीत आल्या. जावेच्या जिभेला धार होती, पण मनात काही राहत नसे. सकाळी दीर-भावजय एकत्र निघत. जाऊ दारातून ओरडून डबे विसरल्याची आठवण करून देई आणि दोघांतलं एक जण निमूटपणे मागं फिरे.

पुढं कारखान्यात पगाराचं सॉफ्टवेअर आलं. फाटकाशी बोटाचा ठसा घेणारं यंत्र बसलं. येताना बोट, जाताना बोट. बाकीचं सगळं कॉम्प्युटर करणार होता, फक्त त्याला आधी नियम सांगायला हवे होते. मॅनेजरनं ते काम काकूंवर सोपवलं. सुरुवातीला त्यांनी हे आपल्याला जमायचं नाही असं सांगून पाहिलं. पण सॉफ्टवेअरवाल्या कंपनीचा एक माणूस फोनवर भेटला, सबुरीचा होता. तो सांगेल तसं काकू शिकत गेल्या. आठ तासांच्या वरचं काम दीडपट. सुट्टीच्या दिवशीचं दुप्पट. पाळी दोन दिवसांत विभागली गेली तर ते तास कुठल्या दिवशी धरायचे. जेवणाची सुट्टी कापायची, पण जेवायला सोडलंच नसेल तर कापायची नाही. हा शेवटचा मुद्दा काकूंनी स्वतःहून घातला आणि त्याचा त्यांना फार अभिमान वाटला.

नियम बरोबर बसला की नाही हे पाहायला त्यांनी एक खोटाच कामगार तयार केला होता. त्याला काकू सुट्टीच्या दिवशी कामाला लावत, पहाटे बोलवत, जेवू देत नसत, आणि त्याचा पगार नीट निघाला की खूश होत. घरी जेवताना त्याच्या गोष्टी सांगत. दीर म्हणायचा, "वहिनी, त्या तुमच्या खोट्या माणसाची चैन आहे. घाम गाळत नाही, आणि पगार माझ्यापेक्षा जास्त." जाऊ म्हणायची, त्यालाच घरी आणा, निदान डबा तरी विसरणार नाही.

सगळं जमत आलं आणि मग माशी शिंकली. मॅनेजरनं आणखी एक नियम सांगितला: ओव्हरटाइमला आधी मंजुरी हवी. मुकादमानं आदल्या दिवशी मागायची, मॅनेजरनं द्यायची. मंजुरी नसेल, तर माणूस कितीही वाजता बाहेर पडो, पाळी संपल्याच्या भोंग्यालाच तो गेला असं धरायचं.

काकूंनी विचारलं, की इस्पितळाच्या गाड्या तर उशिरानंच येतात, आदल्या दिवशी कुणाला काय कळणार? मॅनेजर काही तुसडा माणूस नव्हता. त्यानं काकूंसाठी खुर्ची ओढली, चहा मागवला आणि समजावलं, की नियम फक्त शिस्तीपुरता आहे. खरंच कुणाला थांबावं लागलं तर यादी त्याच्याकडे आणायची, तो मागाहून मंजुरी देईल. काकूंना ते पटलं. पटवून घेतलं, असंही म्हणता येईल.

नियम बसवताना पडद्यावर एक छोटा चौकोन आला. नियमानं वेळ बदलली तर बोट लावल्याची मूळ वेळही जपून ठेवायची का? फोनवरचा माणूस म्हणाला की बहुतेक कंपन्या तो रिकामाच ठेवतात, एकाच माणसाच्या दोन वेळा दिसल्या की भांडणं लागतात. काकूंना भांडणांचा कंटाळा होता. त्यांनी चौकोन रिकामा ठेवला.

पहिल्या महिन्यात मॅनेजरनं मागाहून मंजुरी दिली. दुसऱ्या महिन्यात निम्मीच दिली. त्यानंतर तो सांगू लागला की वरून आक्षेप आलाय, मुकादमांनी आधी मागायला शिकावं. मुकादम म्हणे, गाडी आली की मी फोन करतो, साहेब उचलत नाहीत. चादरींचे ढीग मात्र दोघांच्या भांडणासाठी थांबत नव्हते. ओला माल तसाच ठेवला तर कुजतो, आणि दुसऱ्या दिवशी इस्पितळातून शिव्या येतात. म्हणून भोंगा झाल्यावरही काही माणसं थांबत. त्यांत दीर हमखास असे. बाकीचे कुरकुरू लागले की तो त्यांना सांगे, आपली वहिनी आहे ना तिथं, बघेल ती.

हे काकूंना कळलं ते खिडकीशी आलेल्या एका बाईकडून. "तुमचे दीरच म्हणाले थांबा म्हणून," ती म्हणाली, "आणि आमच्या पगाराच्या चिठ्ठीत तर त्याचं काहीच नाही." काकूंना तिच्याकडे वर बघवेना.

त्या दिवशी त्यांनी एक धाडस केलं. मंजुरीचं बटण त्यांच्याही पडद्यावर होतं. नियम घालणाऱ्याला ते लागतंच. मुकादमाच्या याद्यांवरून राहिलेले सगळे तास भरून त्यांनी एका फटक्यात मंजूर करून टाकले. चहा थंड व्हायच्या आत मॅनेजरचा फोन आला. त्यानं आवाज चढवला नाही. एवढंच म्हणाला, की काकू, तुमच्यावर माझा विश्वास होता. दुपारी मंजुऱ्या रद्द झाल्या आणि काकूंच्या पडद्यावरून ते बटणही गेलं. मुकादमानं याद्या देणंही थांबवलं.

घरी जाऊन त्यांनी दिराला सगळं सांगितलं आणि हात जोडून विनवलं, की भोंगा झाला की निघत जा, त्या तासांवर आता पाणी सोड. दीर म्हणाला, "निघतो की. पण माल पडलेला असतो, वहिनी. सोडून यायला पाय निघत नाही." आणि हसून म्हणाला की तुम्ही काही मनाला लावून घेऊ नका, यात तुमच्या हातात काय आहे.

अपघात झाला तो अशाच एका दिवशी, भोंगा होऊन गेल्यानंतर, भर उजेडात. रोलरमध्ये चादर गुंडाळली गेली. मशीन बंद करून थंड होऊ द्यायचं आणि मग चादर ओढायची, हे दिराला ठाऊक होतं. नव्या माणसांना तोच शिकवायचा. पण मशीन थंड व्हायला वेळ लागतो, आणि गाडी दारात उभी होती. त्याचा उजवा हात आत ओढला गेला. काकू तेव्हा खोलीला कुलूप लावत होत्या. आधी त्यांना आरडाओरडा ऐकू आला, मग एकदम सगळी मशीनं बंद पडल्यावर होते तशी शांतता.

हात राहिला, पण नुसता राहिलाच. बोटं मिटेनात. डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं की या हातानं आता काम होणार नाही.

कारखान्याचा विमा होता. कामावर असताना इजा झाली तर भरपाई मिळते, हे सगळ्यांना माहीत होतं, म्हणून पहिले काही दिवस घरात दुःख होतं तरी धास्ती नव्हती. मग विमा कंपनीचा अधिकारी आला. त्यानं त्या दिवसाची हजेरी मागितली. काकूंनी कागद छापून काढला आणि हातावेगळा करण्याआधी दोनदा वाचला. कागदावर दीर भोंग्यालाच घरी गेला होता. रोलरमध्ये हात सापडला तेव्हा तो, त्या कागदापुरता, कारखान्यात नव्हताच.

त्यांनी सॉफ्टवेअरवाल्या माणसाला फोन लावला. इस्पितळात नेताना सोबत्यांनी सवयीनं दिराच्या डाव्या हाताचं बोट यंत्राला लावलं होतं, काकूंनी डोळ्यांनी पाहिलं होतं. ती वेळ कुठं तरी असेलच की. माणसानं आधी तारीख पुन्हा विचारून घेतली. मग म्हणाला, "काकू, तो चौकोन रिकामा असला की मूळ वेळ पुसली जात नाही. ती लिहिलीच जात नाही. खोटं कशाला सांगू, कुठंच नाही ती." काकूंनी फोन ठेवला आणि त्याच क्षणी तो चौकोन भरला. दोन दिवसांनी मॅनेजरच्या सांगण्यावरून तो परत रिकामा झाला.

रोलरवरच्या दोघा सोबत्यांनी साक्ष द्यायचं कबूल केलं होतं. इस्पितळात दिराच्या उशाशी बसून त्यांनी तसा शब्दही दिला होता. पण चौकशीच्या दिवशी मॅनेजरनं सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलून टाकलं, की मंजुरीवाचून आत थांबणारा प्रत्येक जण शिस्तभंगात येतो, आणि त्या दिवशी आणखी कोण कोण थांबलं होतं ते त्याला कळायला हवं. त्यावर सोबत्यांनी माना खाली घातल्या. आम्ही भोंग्याला निघालो होतो, म्हणाले. कागदही तेच सांगत होता.

मग काकूंची पाळी आली. त्यांनी हजेरीवर सही करायला नकार दिला. छापील ओळीखाली त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं, की हा माणूस कामावर होता, मी पाहिला आहे. अधिकारी तरुण होता, अदबीनं बोलणारा. त्यानं ते वाचलं.

"हे तुमचे कोण?" त्यानं विचारलं.

"धाकटे दीर."

"एकाच घरात राहता?"

"हो."

"आणि भोंग्यालाच गेला असं धरायचा नियम कॉम्प्युटरमध्ये कुणी घातला?"

"मीच घातला. सांगितलं म्हणून घातला."

"लेखी सांगितलं होतं?"

लेखी काहीच नव्हतं. चहा होता, ओढून दिलेली खुर्ची होती. मॅनेजर बाजूलाच बसला होता आणि खिडकीबाहेर बघत होता. अधिकाऱ्यानं कागद घडी करून ठेवला आणि म्हणाला, "बाई, इजा झाली हे मी नाकारत नाही, प्रश्न ते कामावर होते का हा आहे. तुमचा नियम बरोबर असेल तर ते कामावर नव्हते. नियम चुकीचा असेल तर ती तुमची चूक आहे, कारखान्याची नाही. मी तुमच्या बाजूनं लिहू तरी काय?" तो खरंच विचारत होता.  

भरपाई नामंजूर झाली. वर दाद मागता येईल असं कुणी म्हणालं, काकूंनी वकिलाकडे खेपाही घातल्या. वकिलानं कागद पाहिले आणि चहा पाजून परत पाठवलं.

नोकरी सोडायचं काकूंच्या मनात रोज येई. पण घरात आता त्यांचाच पगार तेवढा होता. महिनाअखेरीला काकू खुर्चीवर बसत, कॉम्प्युटर नियम चालवी, भोंग्यानंतरचे तास आपोआप गळून पडत, आणि त्या बटण दाबून चिठ्ठ्या छापत. खिडकीशी आता कुणी भांडायला येत नसे. चिठ्ठी घेत, न वाचता खिशात घालत आणि जात. कुणी निदान शिव्या तरी द्याव्यात, असं त्यांना वाटे.

काही महिन्यांनी मॅनेजरनं निरोप धाडला: माणुसकीच्या नात्यानं दिराच्या बायकोला चादरींच्या घड्या घालायच्या टेबलावर घेता येईल. घरात त्या निरोपावर चर्चा झालीच नाही. जावेनं दुसऱ्या दिवशी जुन्या सवयीनं, स्वतःचा धरून, तीन डबे भरायला घेतले, मग थांबून नवऱ्याचा परत उचलून ठेवला. दीर भिंतीकडे तोंड करून पडून होता.

जाऊ झटकन शिकली. आणि गाड्या अजूनही उशिरानंच येत होत्या. भोंगा झाला तरी घडीच्या टेबलावरच्या बायका मान वर करत नसत, जाऊही करत नसे. पहिल्या महिन्याची तिची चिठ्ठी काकूंनी स्वतः छापली. जावेनं ती घेतली, बघितली. एरवी जिला मीठ कमी पडलं तरी घर डोक्यावर घ्यायची सवय, ती एक अक्षर बोलली नाही.

काकू रोज फाटकाशी तिची वाट बघत थांबू लागल्या. दोघी शेजारी शेजारी चालत. एके दिवशी रस्ता ओलांडताना जाऊ म्हणाली, "ताई, तुम्ही थांबत जाऊ नका माझ्यासाठी."

"मला काही त्रास नाही गं."

"तसं नाही. घरी ह्यांना वाढायला कुणी नसतं. एका हातानं भांडं उघडता येत नाही त्यांना. मागत नाहीत, तसेच बसून राहतात."

तेव्हापासून काकू वेळेवर घरी येतात. दिराला वाढतात. तो डाव्या हातानं सावकाश जेवतो, सांडलं की आपणच पुसतो, आणि काकूंनी पुढं केलेलं फडकं घेत नाही. रागानं नव्हे, तो अजूनही त्यांना वहिनी म्हणतो, तब्येत विचारतो. जेवण झालं की ताट तसंच समोर असतं. जिन्यावर पाऊल वाजलं की दोघंही मान वळवून दाराकडे बघतात, आणि ते पाऊल वरच्या मजल्यावर निघून जातं.