प्रत्येक नंबरची शेवटची ओळ

आजही ती घटना आठवली की हात आपोआप जोडले जातात. मी मेहकरला ठाणेदार होतो. सुलतानपूरकडची एक अंगणवाडी सेविका मीटिंगला मेहकरला आली आणि घरी पोचलीच नाही. मोबाइल घरीच चार्जिंगला राहिलेला. मिसिंग दाखल केली, तोच खबऱ्या म्हणाला, "साहेब, त्या दिवशी सकाळी नवरा-बायकोचं लय वाजलं होतं."

झालं! नवऱ्याला चौकशीला आणून बसवलं. दोन दिवस त्याचं एकच उत्तर. "भांडलो साहेब, खोटं कायले बोलू? पण तिले म्या हात नाही लावला." माझा विश्वास बसेना. बायको हरवली की नवऱ्यापलीकडे काही दिसू नये, हा आमच्या खात्याचा जुना रोग.

तिचा मोबाइल घरीच, म्हणून त्या दिवसापासून त्या रस्त्याच्या मोबाइल टॉवरवर आलेल्या सगळ्याच फोनचा डेटा मागवला. लाखो ओळी! आम्ही वेळेनुसार यादी लावली आणि अगदी शेवटच्या नोंदी चाळत बसलो. हाती काही लागेना. कॉम्प्युटरवर बसणारी महिला शिपाई शेतकऱ्याची लेक. ती म्हणाली, "असं नाही जमत साहेब. माही माय बियाण्यासाठी कणसं निवडते, तवा साऱ्या ढिगातली मोठी नाही घेत. तशी घेतली तर सारी एकाच चांगल्या वावरातली येतात. थे हरेक वावरातलं मोठं कणीस काढते. मी हरेक नंबरची शेवटची ओळ काढू काय?"

"काढ," मी म्हणालो.

चहा यायच्या आत लाखांचे काही हजार झाले. मी थक्क होऊन बघत राहिलो. कुणाची शेवटची नोंद आजची होती, कुणी टोकाच्या टॉवरवरून पुढे निघून गेलेला. एकच फोन ती हरवली त्याच संध्याकाळी वाटेतल्या टॉवरवर कायमचा गप्प झाला होता. तो परजिल्ह्यातल्या एका पिकअप चालकाचा होता.

गाड्या काढल्या. त्या टॉवरजवळच्या पुलाखालच्या झुडपात पिकअप उलटलेली आणि आत चालक आणि ती सेविका, दोघंही जिवंत! एसटी हुकली म्हणून ती त्या पिकअपमध्ये बसली होती. पाय दबलेला, तरी हात पोचेल तिथल्या नाल्यात पदर भिजवून ती चालकाच्या ओठांवर पिळत होती.

लाखांच्या गर्दीत जो ठळक दिसेल त्यालाच धरायचं, ही माझी खोड त्या दिवशी मोडली. एकेकाचं वेगळं पाहावं लागतं, हे मला माझ्याच शिपायाने शिकवलं.

स्ट्रेचरवरून तिने पहिलं विचारलं, "साहेब, माह्या मालकाले कोणी कळवलं काय? शोधून शोधून येडे झाले असतीन."

मला तोंड वर करवेना. तिचा खुनी म्हणून तो माझ्याच ठाण्यात बसला होता.