परसों म्हणजे कधी?

ती घटना आजही दुपारी डोळा लागला की उशाशी येऊन बसते. खून नाही, दरोडा नाही. नोकरीत मी इतके चोर धरले की त्यांना एका रांगेत उभं केलं असतं तर शेवटचा गोवळकोंड्याच्या बुरुजावर उभा दिसला असता. पण त्यातला एकही माझ्या स्वप्नात येत नाही. स्वप्नात येतं ते एक काळं पुस्तक आणि एक विहीर.

नावं कुणाचीच देत नाही. सगळी माणसं अजून आहेत, आणि त्यातले एक वकील आहेत.

उन्हाळा होता. आमच्या ठाण्यातला पंखा इतका निवांत फिरायचा की एखाद्या कबुतरिणीने त्यावर अंडी घालून पिल्लं उडेपर्यंत मुक्काम केला असता. अशा एका दुपारी हे वकीलसाहेब आले. राहणार हिमायतनगर, निवृत्त, पिढ्यान्‌पिढ्या कोर्टकचेरीत मुरलेलं मराठी घराणं. तक्रारअर्ज, ज्याला इकडे हैदराबादेत पिटिशन म्हणतात, तो स्वतःच टाइप करून आणलेला. मी वाचला आणि पुन्हा पहिल्या ओळीवर आलो.

"वकीलसाहेब, एक पुस्तक चोरीला गेलंय?"

"पुस्तक नव्हे. पहिली आवृत्ती."

"म्हणजे पुस्तकच ना?"

"दुसरी आवृत्ती निघाली की पुस्तक. पहिलीच असते तोवर ती घटना असते. तुम्हा पोलिसांना घटनाच लागते ना?"

पंचनाम्याला त्यांच्या घरी गेलो. ती खोली मी विसरू शकत नाही. खिडक्यांना हिरवे पडदे, बाहेर कडुलिंब, त्यामुळे आतला उजेड तळ्याच्या तळाशी असावा तसा. चारी भिंतींना काचेची कपाटं. त्यात भुतांची, चेटकिणींची, बोलक्या झाडांची, उडत्या किल्ल्यांची पुस्तकं. इंग्रजी, मराठी, उर्दू. सगळ्या पहिल्या आवृत्त्या, नाहीतर मोजक्याच प्रती छापून लेखकाने सही केलेल्या. प्रत्येकाच्या वेष्टनावर पारदर्शक प्लास्टिक, कोपऱ्याकोपऱ्यात कडुलिंबाचा पाला. वकीलसाहेब पुस्तकाला हात लावायचा तर सुती हातमोजे घालून. आमचा पंचनामा लिहिणारा हवालदार, ज्याच्या शिंकेने लॉकअपचं कुलूप गळून पडायचं, तो आपोआप कुजबुजत बोलायला लागला. आणि खोटं सांगत नाही, एका कपाटात एक पुस्तक झोपेत कूस बदलल्याचं मी स्वतःच्या कानाने ऐकलं.

एका फळीवर दोन बोटांएवढी फट होती. कुलूप शाबूत, गज शाबूत.

गेलेलं पुस्तक असं. वकीलसाहेबांच्या तरुणपणी गौलीगुड्यातल्या एका छापखान्याने काढलेली मराठी भयकथा. हौसेने काढल्या थोड्याच प्रती, काळ्या कापडी बांधणीच्या. लेखक पुढे कुठे गेला कुणाला ठाऊक नाही आणि छापखाना बंद पडला. मोठे कागद घडी घालून शिवलेले, कडा न कापलेल्या. वाचायचं तर वाचणाऱ्याने सुरी घेऊन पान पान मोकळं करायचं. वकीलसाहेबांनी ते कधीच केलं नव्हतं. संग्राहकांत अशा बंद प्रतीला फार मान.

"म्हणजे तुम्ही ते वाचलेलंच नाही?" मी विचारलं.

"वाचायला दुसरी पुस्तकं आहेत की."

"कपाटाची किल्ली?"

"देव्हाऱ्यात, कुंकवाच्या करंड्यामागे. मला ठाऊक, घरात ठाऊक, आणि मास्तरला."

घरात दोघंच, ते आणि त्यांच्या पत्नी, म्हणजे वहिनी. वहिनी ताकाचे पेले ठेवून आत गेल्या. हे मास्तर म्हणजे वकीलसाहेबांचा शाळेपासूनचा दोस्त. गौलीगुड्यात राहणारे, गणिताचे निवृत्त शिक्षक. दर गुरुवारी दुपारी ते या खोलीत येऊन बसायचे. शिवाय त्याच पुस्तकाची दुसरी प्रत त्यांच्याकडे होती. दोघांनी एकाच दिवशी, छापखान्याच्या दारातच घेतलेली.

माझ्या हाताखाली तेव्हा एक तरुण सबइन्स्पेक्टर होता, खम्ममकडचा. हुशार, तडफदार आणि हिंदी पाठ्यपुस्तकातून शिकलेला. त्याने मास्तरांचं घर गाठलं आणि सांगितलं, तुमची प्रत दाखवा. मास्तर म्हणाले, ट्रंकेत आहे. ट्रंक उघडली. आत स्वेटर, कंपासपेटी आणि डांबराच्या गोळ्या. पुस्तक कुठे गेलं? मास्तर गप्प.

दुसऱ्याच दिवशी आमच्या खबऱ्याने टीप आणली. हा पानवाला. त्याला सुलतान बाजारातल्या बाकड्याखाली कोण काय पुटपुटलं तेही ऐकू यायचं. म्हणाला, "साब, एक बुड्ढा किताबवाला बोलरा, वो काली किताब उसके हाथ से गई." सबइन्स्पेक्टर जीप घेऊन धावला आणि जबाब घेऊन परतला. पुस्तकवाल्याचे शब्द होते: "मास्तर साब परसों लाके दिये. मैं परसोंइच बेच दिया."

"सार," सबइन्स्पेक्टर म्हणाला, "परसों त्याने विकलं, आणि दुसऱ्या दिवशी वकिलांनी तक्रार दिली. तारीख जुळते, किल्ली जुळते, स्वतःची प्रत गायब, माणूस गप्प. संध्याकाळी अटक दाखवू."

मास्तरांना ठाण्यात बसवलं. आता चौकशीत माझा हात कुणी धरत नसे. मी नुसता घसा खाकरला की शेजारच्या ठाण्यातले आरोपी कबुली द्यायचे. पण मास्तरांपुढे काही चालेना. अर्धा गौलीगुडा त्यांच्या हाताखाली पाढे शिकलेला, आमचा एक हवालदारसुद्धा. तो तर त्यांच्यापुढे बसायलाच तयार नव्हता.

"मास्तर, तुम्ही पुस्तक विकलंत?"

"दिलं."

"कधी?"

"साहेब, ते विचारू नका."

"कशासाठी?"

"तेही विचारू नका."

मग वकीलसाहेब आले. दारातच उभे राहिले, आत आले नाहीत. मला म्हणाले, "त्याने एकदा माझ्याकडे बघून म्हणावं, मी नेलं. मी तक्रार मागे घेतो. पण मग आमचे गुरुवार संपले." मास्तर जमिनीकडे बघत राहिले. वकीलसाहेब गेल्यावर त्यांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसला.

आमच्या ठाण्यामागे एक जुनी बावडी, म्हणजे विहीर आहे, कोरडी, लोखंडी जाळीने झाकलेली. तिच्या कठड्यावर लिंबाची सावली पडते आणि दुपारचा चहा सगळे तिथेच पितात. मी म्हटलं, "चला मास्तर, मोकळ्या हवेत बसू." मास्तर दारापर्यंत आले. बावडी दिसली तसे थबकले. "मी इथेच बरा आहे," म्हणाले, आणि त्या भट्टीसारख्या खोलीत परत जाऊन बसले. ते माझ्या लक्षात राहिलं.

अटकेचे कागद तयार होत होते. त्याआधी साक्षीदाराला आपण एकदा डोळ्यांनी बघावं, हा माझा नियम. म्हणून मी सुलतान बाजारात गेलो. साड्यांच्या दुकानांच्या मधल्या बोळात त्याचं दुकान. पुस्तकांच्या ढिगाऱ्यात तो इतका खोल बसलेला की आधी दाढी दिसली, मग माणूस. मला बघून तो खूश झाला.

"आइये साब, आइये! परसों आये थे ना आप, गनपती के बंदोबस्त में? तब क्या बाल थे आपके सर पे! माशाअल्ला!"

मी डोक्यावरून हात फिरवला. तिथे बाल सोडाच, बालांची आठवणही उरलेली नव्हती. माझे केस मला सोडून गेले तेव्हा हा सबइन्स्पेक्टर दुधाच्या बाटलीवर असेल.

"मियाँ," मी खाली बसलो, "मास्तर साब परसों किताब लाये. वो परसों कब की?"

"अरे वोइच परसों साब. मेरी बड़ी बेटी गोद में थी."

"और अब?"

"अब वो नानी बन गई."

मी त्या पुस्तकांच्या ढिगाऱ्यात बसून इतका हसलो की बोळातल्या रिक्षा थांबल्या. हैदराबादेत परसों म्हणजे काल आणि आज सोडून मागे गेलेला कुठलाही दिवस. आमच्या घरात माझे आजोबासुद्धा परवाच वारले असतात. खम्ममच्या पोराने पाठ्यपुस्तकातला अर्थ लावला आणि एका म्हाताऱ्या मास्तराला गजाआड घालायला निघाला.

मास्तर एक पुस्तक द्यायला आले होते, हे खरं. पण ते त्यांचं स्वतःचं होतं, आणि तेव्हा ते तरुण होते.

ठाण्यात परतलो. सगळ्यांना बाहेर काढलं आणि हळूच विचारलं, "मास्तर, विहिरीची भीती वाटते?"

ते एकदम बांध फुटल्यासारखं बोलले. "अर्धंच वाचलं साहेब. त्यात एक बाई विहिरीतून हाक मारते. नाव घेऊन. तिथपर्यंत वाचलं आणि पुस्तक ट्रंकेत टाकलं. तर ट्रंकेतून पाणी ठिबकल्याचा आवाज यायचा. आठवडाभर सोसलं. मग देऊन टाकलं."

"मग एवढी वर्षं दोस्ताला खोटं का सांगितलंत?"

"मी मराठी मंडळात भुतं नसतात यावर व्याख्यानं देतो. वकील्या पहिल्या रांगेत बसतो. त्याला काय सांगू?"

त्यांना जीपमध्ये घालून हिमायतनगरला आणलं. त्याच हिरव्या खोलीत मी वकीलसाहेबांना सगळं सांगितलं. ते दोस्ताकडे वळले.

"भ्यालास? तू?"

"हो."

"आणि ती व्याख्यानं?"

"ती दिवसा असायची."

वकीलसाहेब हसले की रडले, त्या उजेडात मला नीट कळलं नाही. त्यांनी मास्तरांचा हात धरला, हातमोजा न घालता. मग त्यांची नजर पुन्हा त्या फटीवर गेली. "पण मग माझी प्रत?"

वहिनी चहा घेऊन आल्या. मास्तर समजूत घालायला म्हणाले, "जाऊ दे रे. मला एवढीच रुखरुख आहे, की ती बाई विहिरीतून वर आल्यावर काय करते, ते कधी कळलंच नाही."

"वर कुठे येते, भावजी?" वहिनी कप ठेवता ठेवता म्हणाल्या. "ती विहिरीत नव्हतीच कधी."

कपबशी वाजायची थांबली. बाहेर कडुलिंबावर कावळा होता, तोही थांबला असं माझं मत आहे. शहरात त्या पुस्तकाच्या दोनच प्रती आम्हाला ठाऊक होत्या. एक अर्धी वाचून दिलेली, पुस्तकवाल्याने तेव्हाच बाहेरगावी विकलेली. दुसरीची पानं बंद.

"वहिनी," मी विचारलं, "शेवट तुम्हाला कुणी सांगितला?"

"सांगणार कोण? वाचला."

त्या आत गेल्या आणि तांदळाच्या डब्यातून पिशवीत गुंडाळलेलं काळं पुस्तक घेऊन आल्या. सोना मसुरीचे दाणे टपटप फरशीवर पडले.

"बाकीची सगळी वाचून झाली," त्या म्हणाल्या. "तुम्ही दुपारी झोपता तेव्हा. सोलापूरहून लग्न होऊन आले तेव्हापासून हे एकटंच बंद दिसत होतं. आज उघडेन, उद्या उघडेन म्हणत म्हातारी झाले. उघडल्यावर परत कसं ठेवू? वाटलं, फार तर परवापर्यंत शोधाल. भावजींवर आळ आलाय हे मला कुणी सांगितलं? विचारलं की उत्तर एकच, ठाण्याचं काम आहे."

वकीलसाहेबांनी पुस्तक हातात घेतलं. कडा खडबडीत झालेल्या, कुठे कुठे फाटलेल्या. संग्राहकाच्या लेखी ती प्रत संपली होती.

"कशाने कापलंस?"

"भाजीच्या सुरीने. धुऊन घेतली होती."

मी मनात म्हटलं, आता स्फोट. खुनाच्या जागी मी इतका दचकून उभा राहिलो नव्हतो. वकीलसाहेबांनी त्या कडांवरून अंगठा फिरवला, एकदा, पुन्हा एकदा. मग विचारलं, "शेवट काय आहे?"

"असा सांगत नसतात," वहिनी म्हणाल्या. "बसा."

आणि त्या वाचायला लागल्या. मास्तर दाराजवळच्या खुर्चीवर सरकले आणि त्यांनी दिवा लावून घेतला. मला ठाण्यात काम होतं. मी दोन मिनिटं म्हणून टेकलो. पडदे हलत होते, हिरवं पाणी खोलीभर डुलत होतं, आणि वहिनींचा आवाज कुठूनतरी लांबून, वरून येत होता. हाक मारणारी बाई वर, कठड्याशी उभी होती, सगळा जन्म. हाक ऐकणारा खाली होता, आणि आपण विहिरीत आहोत हे त्यालाच ठाऊक नव्हतं. वकीलसाहेब डोळे मिटून ऐकत होते. पुस्तक संपलं तेव्हा ते वहिनींना एवढंच म्हणाले, "बाकीचीही वाचून दाखव."

सबइन्स्पेक्टर मला शोधत आला तेव्हा मीही गालाला हात लावून बसलो होतो. तो म्हणाला, "सार, अटक?" मी म्हटलं, "फाडून टाक."

गैरसमजातून दिलेली तक्रार, वस्तू घरातच मिळाली, असं लिहून प्रकरण बंद केलं. त्यातून मी दोन गोष्टी शिकलो. जबाबात शब्द लिहिण्याआधी तो बोलणाऱ्याच्या घरात त्याचा अर्थ काय, ते विचारावं. आणि ताक ठेवून आत जाणाऱ्या माणसालाही थांबवून प्रश्न करावा. कधी कधी सगळी गोष्ट त्यालाच ठाऊक असते. तो सबइन्स्पेक्टर आता मोठ्या हुद्द्यावर आहे. त्याच्या हाताखालच्या कुणी 'परसों' लिहिलं की तो पेन खाली ठेवायला लावतो, असं ऐकतो.

मी निवृत्त झालो. गुरुवारी दुपारी जेवण झालं की हिमायतनगरला जातो. तिथे आता चार खुर्च्या असतात आणि कपाटांना कुलूप नसतं. बायको विचारते, "हे गुरुवारचं वेड कधीपासून लागलं तुम्हाला?"

मी चपला घालता घालता सांगतो, "परसोंपासून."